गावरहाटीचे चित्र आणि गावरहाटीचा हिशेब : नगर जिल्ह्यातील चराईच्या निमित्ताने

'गोरज मुहूर्तावर' हे शब्द मराठी लग्नपत्रिकांत आजही छापले जातात. दिवस मावळताना रानातून गावाकडे परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी जी धूळ उडे ती गोरज. तिच्यावरून त्या वेळेस नाव मिळाले. ज्या गावांत ही धूळ आता उडत नाही तेथेही वेळेचे नाव मात्र तेच राहिले आहे. नगर शहरापासून सुमारे १७ किलोमीटरांवर असलेल्या हिवरे बाजार या गावी तर ती उडू नये असे गावानेच ठरविले. १९८९ नंतर तेथे श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी अशी जी पंचसूत्री अमलात आली, तिच्यातील शेवटच्या सूत्राने डोंगरावर गुरे मोकळी सोडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत थांबली. गुरे दावणीला आली आणि गवत विळ्याने कापून त्यांच्यापुढे पडू लागले. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. प्रस्तुत लेखात ज्या काळाविषयी बोलावयाचे आहे तो बहुतांशी जुन्या नावाचा असल्यामुळे 'नगर' हे रूढ रूपच योजिले आहे.)

खेड्यातील जीवन नाहीसे होत आहे, तेव्हा ते निदान चित्रात तरी राखून ठेवावे, ही भावना महाराष्ट्रात नवी नाही. कुंचल्याने, छायाचित्राने, शब्दाने आणि अलीकडे सिमेंटच्या पुतळ्यांनी हे राखण्याचे प्रयत्न झाले आहेत. त्या प्रयत्नांमागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न विचारला पाहिजे : अशा चित्रात नेमके काय राखले जाते? गुराखी, त्याची काठी, त्याची घोंगडी आणि त्यापुढे चालणारी गुरे हे दृश्य राखले जाते, यात संशय नाही. मात्र ती गुरे कोणाची, ज्या माळावर ती चरतात तो कोणाचा, गुराख्याला सालाकाठी काय मिळे आणि दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरू शिरले तर दंड कोण भरी, या गोष्टी दृश्यात नसतात. गावरहाटी म्हणजे मुख्यतः याच गोष्टी होत. आमचे म्हणणे असे की, जतन करण्याच्या हेतूने काढलेल्या चित्रांत हा हिशेब बहुधा गळून जातो. उलट एखादा हक्क सांगण्यासाठी, तक्रार मांडण्यासाठी किंवा विधी पार पाडण्यासाठी जी चित्रे निर्माण झाली त्यांत तो अभावितपणे टिकून राहिला आहे.

याचे सर्वांत जुने आणि सर्वत्र आढळणारे उदाहरण म्हणजे वीरगळ. दख्खनच्या पठारावर गावोगाव, वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात, हे कोरीव दगड उभे वा आडवे पडलेले दिसतात. त्यांची रचना साधारणतः ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र. कित्येक वीरगळांच्या तळच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गावाची गुरे हाकून नेणाऱ्या टोळीशी लढता लढता जो मेला त्याचे हे स्मारक. शिल्पकाराला गोपालनाचे जीवन दाखवावयाचे नव्हते. त्याला एक मृत्यू नोंदवावयाचा होता आणि त्या मृत्यूमागे गावाने मानलेले एक ऋण होते. अशा वीराच्या वंशजांना जमीन दिल्याचे दाखले दख्खनच्या शिलालेखांत मिळतात. सूर्यचंद्र कोरण्याचा अर्थही हाच की, ते आहेत तोवर ही गोष्ट बंधनकारक राहावी. म्हणजे पठारावरील गुराढोरांचे जे अगदी जुने चित्र आपल्याला उपलब्ध आहे ते वस्तुतः एक दस्तऐवज आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने (१९३४-१९९२) धनगरांची दैवते, त्यांच्या ओव्या आणि हे स्मारकशिलांचे जग यांचा संबंध उलगडून दाखविला, तो याच दिशेने. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धनगर हा निसर्गदृश्याचा भाग म्हणून येत नाही. तो शेतकऱ्याशी देवघेव करणारा, वाटेवरच्या गावांशी नाते राखणारा मनुष्य म्हणून येतो.

पेशवाईतील व त्यानंतरच्या वाड्यांच्या भिंतींवरही गाई आहेत. मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यात किंवा वाई परिसरात जी भित्तिचित्रे आढळतात त्यांचा विषय प्रायः पौराणिक असतो. तेथील गाई कृष्णाच्या आहेत. वाड्याच्या मागच्या गोठ्यातील नव्हेत.

इंग्रजी अमलात चित्राचा हेतू बदलला. आता लोकांचे 'नमुने' हवे होते. विल्यम जॉन्सन याने मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ माणसांची छायाचित्रे एका जागी घेतली गेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडण्यात आला. छायाचित्रणकलेच्या तत्कालीन मर्यादा पाहता यात लबाडी शोधण्याचे कारण नाही, पण या कृतीत एक सूचक गोष्ट आहे. माणूस त्याच्या जमिनीपासून कात्रीने वेगळा करता येतो आणि तरीही तो 'नमुना' म्हणून खपतो, हे त्या काळाने मान्य केले होते. पुढे रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७-१९४४) यांनी एडवर्ड्‌सच्या मुंबईवरील आणि ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकांसाठी चित्रे काढली. धुरंधरांचा हात जॉन्सनच्या यंत्रापेक्षा कितीतरी सजीव. त्यांच्या रेषेत चालण्याची ढब, लुगड्याचा काच, डोक्यावरच्या ओझ्याचा तोल हे सारे अचूक उतरते. वेशभूषेच्या अभ्यासकाला ही चित्रे मोलाची आहेत. परंतु ओझे कशाचे आणि ते कोणाच्या घरी चालले आहे, हे सांगण्याची जबाबदारी त्या चित्रांवर नव्हतीच.

राष्ट्रीय चळवळीत खेड्याचे चित्र अभिमानाचा विषय झाले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी त्याची सजावट स्थानिक व साध्या साहित्यातून उभी केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी काढलेली शेतकरी, कारागीर, वादक यांची चित्रे प्रसिद्धच आहेत. ही चित्रे प्रतिष्ठा देणारी होती. ज्या माणसाला शहराने गावंढळ म्हटले त्याला त्यांनी कमानीखाली उभे केले. मात्र त्या कमानीखाली प्रत्येक जण एकटा आहे. सुतार आणि कुणबी यांच्यामध्ये जे खळे असते ते तेथे नाही.

या खळ्याचे चित्र पाहावयाचे तर रंगांकडून शब्दांकडे वळावे लागते. त्र्यंबक नारायण आत्रे (१८७२-१९३३) यांचा 'गाव-गाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातील अधिकारी. ज्या कोरडवाहू पठारावर हिवरे बाजार वसले आहे त्याच प्रकारच्या मुलखाची खडान्‌खडा माहिती त्यांच्या लेखणीत आहे. काळी आणि पांढरी, वतने आणि वृत्ती, कारू आणि नारू, गावात वर्षभर येत-जात असणारे फिरस्ते, सणवार, देवदेव, कर्ज आणि बाजार, अशा अंगांनी त्यांनी गाव उलगडला. त्यांची मराठी रोकडी आहे. गावच्या बोलीतील संज्ञा त्यांनी जशाच्या तशा घेतल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा आज अन्यत्र सापडावयाच्या नाहीत. १९५९ साली रा. वि. ओतूरकर यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यात वर्णिलेले गाव पुष्कळसे मागे पडले होते आणि ग्रंथाकडे गतकाळाचे चित्र म्हणून पाहण्यास सुरुवात झाली होती.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'गाव-गाडा' हा स्मरणरंजनाचा ग्रंथ नव्हे. आत्र्यांना हा गाडा जपून ठेवावयाचा नव्हता. तो रुतला आहे, त्याची चाके बदलली पाहिजेत, असे त्यांना सांगावयाचे होते. त्यांच्या मते बलुतेदारीची वंशपरंपरा कामाला मारक झाली होती. काम होवो न होवो, खळ्यावर हिस्सा मागावयाचाच. आणि ठरलेल्या हिश्शाखेरीज पेरणीपासून मळणीपर्यंत पावलोपावली काही ना काही उकळावयाचे. याचा सारा भार कुणब्याच्या पाठीवर. फिरस्त्यांविषयी तर त्यांची लेखणी अधिकच तिखट होते. मागत फिरणारे, खेळ करणारे, औषधे विकणारे, जनावरे घेऊन येणारे अशा सर्वांना त्यांनी गावाच्या धान्याला लागलेली गळती मानले. ज्याला आपले म्हणणे सिद्ध करावयाचे असते तो बारकावे सोडीत नाही. कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या निमित्ताने, किती नेले हे त्यांनी फिर्यादीच्या कसोशीने टिपले, आणि त्या फिर्यादीतूनच गावरहाटीचा सर्वांत भरीव आलेख आपल्या हाती आला. प्रेमाने लिहिणाऱ्याने यांतील निम्म्या गोष्टी ओशाळून वगळल्या असत्या.

अर्थात फिर्यादीचा दोषही त्यात आहे. आत्र्यांनी 'गुन्हेगार जाती' हे पुस्तक १९११ साली लिहिले होते. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत राहिला. फिरस्त्यांकडे पाहणारी आत्र्यांची दृष्टी त्या कायद्याच्या छायेत घडलेली आहे. फिरस्त्याचीही गावाशी एक बोली होती, त्याने आणलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी कुणब्याचे शेत सकस होई आणि त्यासाठी कुणबीच मेंढरे शेतात बसविण्याचा मोबदला धान्यात देई, ही बाजू त्यांच्या जमाखर्चात पुरेशी येत नाही. बलुतेदाराच्या बाबतीतही हाच आक्षेप घेता येईल. कुणब्याच्या ओसरीवर बसून पाहिले तर महाराचा हिस्सा हा भार दिसतो. महारवाड्यातून पाहिले तर त्याच वतनाचे रूप वेठीचे दिसते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या दुसऱ्या बाजूने, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाला त्यांनी जे कठोर उत्तर दिले त्यामागेही हाच अनुभव होता. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. तेव्हा 'नाहीशी होणारी जीवनपद्धती' असे म्हणताना ती नाहीशी होण्याची वाट कोण पाहत होते, हेही सांगितले गेले पाहिजे. सर्वांनाच तिचे सुतक नव्हते.

आत्र्यांच्या आसपासच आणखी एक निराळे चित्र काढले गेले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, ही त्यांतील गोष्ट पुढील सर्व अभ्यासांत उद्धृत होत आली. त्याही पूर्वी डॉ. टॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणीचे वर्णन लिहिले. ते १८२३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच गावाची पुन्हा पाहणी करून डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९६० साली आपला ग्रंथ दिला. मान यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत इमारतींखाली गेले आहे. त्याचे एकही रंगचित्र आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि तरीही दख्खनच्या ज्या थोड्या खेड्यांविषयी आपण खात्रीने बोलू शकतो त्यांत त्याची गणना करावी लागते.

यावर कोणी म्हणेल की, आकडे आणि फिर्यादी म्हणजे चित्र नव्हे. आक्षेप योग्य आहे. डोळ्याला दिसणारे रूप आणि त्यामागचा व्यवहार या दोहोंना एकत्र आणणारी उदाहरणे मराठीत थोडी आहेत, आणि त्यांतील एक नगरच्या दक्षिणेकडील, तशाच पर्जन्यछायेतील माणदेशातून आले. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) हे लेखक तसेच चित्रकार. त्यांच्या रेखाटनांत जी काटकसर दिसते तीच त्यांच्या गद्यात आहे. 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आले आणि १९५५ साली 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. धनगरांच्या वस्तीवर नेमलेल्या तरुण शिक्षकाच्या नजरेतून ती वाडी आपल्याला दिसते, आणि अखेरीस दुष्काळ पडून मेंढरे व माणसे निघून जातात. या कादंबरीला गावाचे सुंदर चित्र म्हणून नावाजण्याची चाल आहे. आम्हांस तिचे महत्त्व अन्यत्र वाटते. वाडीतील निर्णय कोणाच्या शब्दाने होतात, शाळेत मूल पाठविले तर मेंढरांमागे कोण जाणार, तालमीसाठी वर्गणी व श्रम कसे गोळा होतात, हे सारे कथेच्या ओघात येते. वाडी रिकामी होते त्याचे कारण लेखक शोक न करता दाखवितो : चारा संपला की मेंढरांवर जगणाऱ्या वस्तीला तेथे राहण्याचे प्रयोजन उरत नाही.

रंगांच्या प्रांतात याला तोलाचे उदाहरण द्यावयाचे तर ते सह्याद्रीपलीकडे, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांत जावे लागते. तेथील भिंतीवरील चौक हा लग्नविधीचा भाग. सवाष्णी शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. तो झाल्यावाचून लग्न लागत नाही. विधी आटोपला की त्या चित्राचे काम संपले. पुढल्या सारवणात ते पुसले गेले तरी कोणाला खंत नसते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने हीच रेषा कागदावर उतरली आणि जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्या हाती तिने नवे विषय घेतले : मळणी, मासेमारीचे जाळे, तारपा, गुरे, पाखरे. भिंतीवरच्या चित्राला टिकावयाचे नव्हते, कागदावरच्या चित्राला टिकावयाचे होते. म्हसे यांची प्रतिभा अशी की, या संक्रमणात त्यांनी माणसांमधले नाते गमावले नाही. त्यांच्या मळणीच्या चित्रात बैल, खळे, सुपे उडविणाऱ्या बाया आणि धान्य वाहणारे पुरुष हे एकाच गोल गतीत बांधलेले असतात. त्यांच्यामागून बाजारासाठी जे असंख्य कागद व पिशव्या रंगल्या त्यांविषयी असे म्हणता येत नाही. तारपा नृत्याची ती वेटोळी आता शहरी दिवाणखान्यांत शोभेला असते, आणि ती काढण्याचा मूळ अधिकार विधीत सवाष्णींचा होता ही गोष्ट ग्राहकाला ठाऊकही नसते.

कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाने ग्रामजीवनाचे मोठे संग्रहालय उभारले आहे. सुतार नांगर घडवितो आहे, लोहार भाता ओढतो आहे, गवळी धार काढतो आहे असे मानवाकृती पुतळे तेथे मोकळ्या जागेत मांडले आहेत, आणि ते घडविणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे. नांगराला मूठ कोठे बसते हे ज्या पिढीने पाहिलेले नाही तिला ते तेथे समजते. पण वाडीभर हिंडूनही सुतारासमोर कोणी पेंढी घेऊन उभा राहिलेला दिसला तरी ती पेंढी त्याच्या हक्काची की दानाची, हे पुतळा सांगू शकत नाही. वेशीबाहेर कोण राहत असे, हेही त्या निर्मळ मांडणीत झाकले जाते.

आता पुन्हा हिवरे बाजारकडे, आणि चराईकडे, वळू.

डोंगरावरील चराई बंद होण्याची ही या मुलखातील पहिली वेळ नव्हे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगर, दरे आणि त्यांबरोबर कित्येक ठिकाणची गायराने सरकारी जंगलखात्याकडे गेली. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये याची जी हकीकत दिली आहे ती चराईच्या इतिहासाचे मूळ साधन मानावयास हवी. पूर्वी अल्प जमिनीचा शेतकरी डोंगरातील फळे, पाने, लाकूडफाटा विकून आणि गायरानावर एखादी गाय व दोनचार शेरडे पाळून कसा तरी गावीच निभाव लावी. जंगलखात्याने हे सारे हिरावल्यावर शेरडाला उभे राहण्यास जागा उरली नाही, असा त्यांचा आशय आहे. जोतीरावांनाही गुराख्याचे चित्र काढावयाचे नव्हते. त्यांनी तक्रार लिहिली आणि तिच्यात एका गरीब घराचे अर्थकारण शेरडासकट टिकून राहिले. त्याच काळात १८७१ च्या कायद्याखालील कोंडवाडे गावोगाव आले, आणि चुकार गुराचा प्रश्न गावकीच्या पारावरून सरकारी दंडाकडे गेला.

या दुहेरी कोंडीनंतरही गुरे डोंगरावर जातच राहिली. फरक एवढाच की, आता ती चोरून किंवा चिरीमिरी देऊन जाऊ लागली. जे कोणाचेच नाही ते राखण्याचे कोणास कारण नव्हते. १९७२ च्या दुष्काळापर्यंत नगर जिल्ह्यातील कित्येक गावांभोवतालचे डोंगर बोडके झाले होते. हिवरे बाजार हे एके काळी कुस्तीसाठी नावाजलेले गाव. ४०० मिलिमीटरच्या आतबाहेर पडणारा पाऊस, उघडे डोंगर आणि आटलेल्या विहिरी यांमुळे तेथील माणसे कामासाठी बाहेर पडू लागली, गावात दारू व भांडणे माजली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा प्रयोग तेव्हा डोळ्यांसमोर होता. पुढे आदर्श गाव योजनेचे साहाय्य मिळाले. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, झाडे लावली गेली, आणि ती जगावीत म्हणून कुऱ्हाडीबरोबर चराईही थांबविण्यात आली. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी लावावयाची नाहीत, असेही ठरले. परिणाम सर्वश्रुत आहेत. १९९५ च्या सुमारास १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, ती संख्या पुढे बोटांवर मोजण्याइतकी उरली. दिवसाकाठी दीडशे लिटरांच्या आसपास असलेले दूध काही हजार लिटरांवर गेले. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

१८७८ नंतरचा बंद डोंगर आणि १९९० नंतरचा बंद डोंगर यांचे एखाद्या चित्रकाराने शेजारी शेजारी चित्रण केले, तर ती दोन चित्रे सारखीच दिसतील : गवत वाढलेला उतार, गुरू एकही नाही. किंबहुना पाहुण्यांच्या छायाचित्रांत हिवरे बाजारचा डोंगर ज्या हिरवेपणाने भरतो त्यात या भेदाचा मागमूस नसतो. पण इतिहासाच्या दृष्टीने दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या बंदीत गवत सरकारचे झाले. दुसरीत ठरावीक शुल्क भरून विळ्याने कापून नेण्याची मुभा गावकऱ्याला राहिली, म्हणजे गवतावरचा हिस्सा नाहीसा झाला नाही, त्याचे मोजमाप बदलले. पहिली बंदी कचेरीत झाली, दुसरी ग्रामसभेत. जुन्या गावकीतही हेच सूत्र होते; कुरणाला राखण घालावयाची, ते केव्हा मोकळे करावयाचे हे गावाने ठरवावयाचे. गोरजाचे दृश्य गमावून या गावाने गावरहाटीतील ही एक गोष्ट पुन्हा चालू केली, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

तथापि हिशेब पुरा मांडावयाचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. बांधून ठेवलेल्या दुभत्या जनावराला गोठा लागतो, पाणी लागते, वैरण कापणारे हात लागतात आणि आरंभी भांडवल लागते. शेळीला यातले काहीच लागत नाही. फुकटच्या पाल्यावर ती जगते म्हणूनच भूमिहीनाच्या दारात ती असते. चराईबंदीचा पहिला भार म्हणून शेळीवाल्यावर पडतो, मग ती बंदी कचेरीने घातलेली असो वा ग्रामसभेने. जोतीरावांचे शेरडू येथे पुन्हा आठवते. हिवरे बाजारात पाणी व काम वाढल्यामुळे हा भार पेलला गेला. केवळ बंदीची नक्कल करणाऱ्या गावांत तो पेलला जाईलच असे नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन वाटेने जाणाऱ्या धनगराला कोणत्याच ग्रामसभेत मत नाही. जुन्या रहाटीत त्याला हक्क नव्हता, पण जागा होती. त्याची मेंढरे दोन रात्री शेतात बसत आणि त्या बदल्यात पायलीभर धान्य त्याच्या पदरात पडे. रासायनिक खत आल्यावर त्या देवघेवीतील गरज कमी झाली आणि डोंगर बंद झाल्यावर वाटही अरुंद झाली. आत्र्यांना फिरस्ता नको होता. शंभर वर्षांनी, पूर्णपणे निराळ्या आणि कितीतरी उदार हेतूंनी चाललेल्या ग्रामसुधारणेतही त्याच्यासाठी रकाना नाही. गावाची सीमा जितकी नीट राखावी तितका सीमा ओलांडून जगणारा माणूस अडचणीत येतो, ही गोष्ट आदर्श गावांवरील विपुल लेखनात क्वचितच नोंदली जाते.

अशा नोंदींसाठी चित्रकाराची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभांची इतिवृत्ते, कोंडवाड्यांच्या वह्या, गायरानांचे सातबारा उतारे, दूधसंस्थांची खाती आणि पशुगणनेतील शेळ्यामेंढ्यांचे रकाने ही साधने नगर जिल्ह्यात गावोगाव पडून आहेत, आणि त्यांतील जुन्या वह्यांना वाळवी लागत आहे. हिवरे बाजारात पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. त्यात प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे व घरगुती वापराचे पाणी वजा होते. उरलेल्यातील काही भाग पुढच्या वर्षासाठी राखून मग शेताला किती द्यावयाचे आणि रब्बीत कोणते पीक घ्यावयाचे हे ठरते. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी पिकाचा वाटा कापला जातो. जनावराचा कापला जात नाही.